अंगावर कोण काढतं?

“आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात हो. तिथंच घात होतो.”

रायगडमधल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर बोलायला उभे राहिलेले पाहुणे हे वाक्य म्हणतातच. ८ मार्च असो की ४ फेब्रुवारीचा कर्करोग दिन, मागे फ्लेक्स, समोर आशा, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या बाया, टेबलावर शाल-नारळ. पाहुणे लक्षणं वाचून दाखवतात. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, नवऱ्याशी संबंध आल्यावर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, ओटीपोट आणि कंबर सतत ठणकणं. यादी अगदी बरोबर असते. मग पाहुणे चष्मा काढतात, आवाज जरा खाली आणतात आणि म्हणतात, भगिनींनो, लाजू नका, वेळेवर या. टाळ्या होतात, चहा येतो.

अशाच एका कार्यक्रमानंतर सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. मागच्या रांगेतली एक ठाकर बाई, असेल पन्नाशीची, खांबाला टेकून उभी होती. हॉल रिकामा झाल्यावर ती आमच्यापाशी आली. कंबरेच्या पिशवीतून तिने दुधाच्या रिकाम्या पिशवीची घडी काढली, आणि घडीतून तीन केसपेपर. “ते पाळी गेल्यावर लाल जातं म्हणाले ना, ते माझं दोन वर्षं जातंय. तीनदा दवाखान्यात सांगितलं. गोळ्या दिल्या.” केसपेपर वाचले. एकावर लोहाच्या गोळ्या, एकावर रक्त थांबवायच्या, तिसऱ्यावर कॅल्शियम आणि जंताची एक. आतून तपासलं का, असं विचारलं तर ती म्हणाली, “नाही. बाकड्यावर बसवून विचारलं.”

या बाईने नेमकं काय अंगावर काढलं, हे मला पाहुण्यांना विचारायचं होतं. पण त्यांची गाडी निघून गेली होती. म्हणून हा लेख.

पाहुण्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, बाईला आपल्या अंगात बिघाड झालेला कळत नाही, किंवा कळला तरी ती बोलत नाही. दोन, तिने बोलायचाच अवकाश, पुढचं सगळं तयार आहे. पहिली गोष्ट छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना कसला ना कसला स्त्रीरोग निघाला. हा आकडा सगळे सांगतात. त्याच पाहणीतले दुसरे दोन आकडे मात्र व्यासपीठावर फारसे चढत नाहीत. शंभरातल्या ५५ जणींनी तक्रार सांगितली होती. आणि त्याआधी आयुष्यात कधीतरी आतून तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. कळणाऱ्या पंचावन्न आणि पाहिल्या गेलेल्या आठ. मधल्या सत्तेचाळीस बायांना पुन्हा लक्षणंच शिकवणार का?

तेव्हापासून पुलाखालून पाणी किती गेलं म्हणाल, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. खेड्यांत १.७. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठेवलेलं उद्दिष्ट आहे ७० टक्क्यांचं, पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा. उरलेल्या अडुसष्ट टक्के बाया लाजून घरात बसल्या आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं वाचावं.

तिशीवरच्या प्रत्येक माणसामागे आशाताई एक फॉर्म भरते. त्याला सी-बॅक म्हणतात. तंबाखू किती, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला साखर आहे का, असं विचारत विचारत तो बायांच्या भागाशी येतो. तिथे काय विचारलंय? दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं का. पाळी गेल्यावर रक्त जातं का. संबंधानंतर रक्त जातं का. घाण वासाचा स्राव होतो का. पुढे चौकट, होय किंवा नाही. म्हणजे पाहुणे शाल घेऊन जी यादी वाचतात ती सरकारने छापून, आशाच्या पिशवीत घालून, वाडीतल्या उंबऱ्यापर्यंत केव्हाच पोचवली आहे. विचारणारी गावचीच, ऐकणारी तिच्या नात्यातली. लाजेचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. बाई ‘होय’ म्हणते, चौकटीत खूण होते, माहिती मोबाइलवर चढते. पुढे त्या ‘होय’चं काय होतं, असं मी चार आशांना वेगवेगळ्या वेळी विचारलं. चौघी हसल्या. एकीने सांगितलं, “ताई, आम्ही पाठवतो. ती जाऊन येते. परत आली की म्हणते, बघितलंच नाही. पुढच्या वेळी मी कुठल्या तोंडाने पाठवू?”

कागदावर पुढची पायरीही आहे. २०१६च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी व्हायची आहे. नाव जड असलं तरी काम हलकं आहे. बाईला टेबलावर झोपवायचं, स्पेक्युलमने वाट उघडून गर्भपिशवीचं तोंड दिसेल असं करायचं, तीन ते पाच टक्क्यांच्या ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवलेला बोळा त्यावर ठेवायचा आणि एक मिनिट थांबायचं. हे ॲसिटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरच, कर्जत स्टेशनबाहेर चायनीजच्या गाडीवर असतं ते. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरट डाग उठतो, कडा स्पष्ट दिसते. नसतील तर तोंड गुलाबीच राहतं. कोल्पोस्कोपसारखी दुर्बीण लागत नाही, लॅब लागत नाही, रिपोर्टसाठी पुन्हा यावं लागत नाही. लागतं ते टेबल, उजेड, पडदा, उकळलेलं स्पेक्युलम आणि शिकलेला डोळा.

एका आरोग्य केंद्रातली ही खोली मी पाहिली आहे. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्या एका केंद्राकडून खुलासा मागवला जाईल आणि बाकीची केंद्रं सुटतील. टेबल होतं. त्यावर ओआरएसचे खोके, खाली पल्स पोलिओचे जुने बॅनर. उजेडासाठी दिवा होता, बल्ब नव्हता. खिडकीला पडद्याऐवजी वर्तमानपत्र चिकटवलेलं, त्याचा वरचा कोपरा सुटलेला, आणि पलीकडे शाळेचं पटांगण. स्पेक्युलम कपाटात होतं, कपाटाची किल्ली बाळंतपणाच्या सिस्टरकडे, आणि सिस्टर त्या दिवशी मीटिंगला. मला तिथल्या माणसांवर ठपका ठेवायचा नाही. त्या दोन खोल्यांतून लसीकरण, विंचूदंश, सापाचं औषध, कुपोषित पोरांची वजनं आणि ढीगभर ऑनलाइन नोंदी, सगळं चालू होतं. ठपका आहे तो ‘लाजू नका, वेळेवर या’ म्हणणाऱ्यांवर. कुठल्या टेबलावर यायचं?

आता माझ्या विरोधात जाणारी गोष्ट, कारण ती लपवून वाद जिंकण्यात काही अर्थ नाही. लक्षणांची जाणीव करून देऊन उपयोग झाल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि तेही खेड्यातलं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, पारावर आणि देवळात लोकांना जमवून लक्षणं सांगत, संशय आलेल्यांना बार्शीला पाठवत. काही वर्षांतच तिथे गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या मानाने लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. १९९५मध्ये हे शोधनिबंधातून जगापुढे आलं. पाहुणे म्हणतील, बघा, आम्ही तेच तर म्हणतोय.

तेच म्हणत नाहीत. बार्शीत सांगणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच गावात येत होता. आणि ज्या बार्शीला तो पाठवत होता तिथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय होतं, पाठीशी टाटा मेमोरियल होतं, गेलेल्या बाईला तपासणारं कुणीतरी हजर होतं. शब्दामागे दार होतं आणि दार उघडं होतं. खांडसच्या पलीकडच्या वाडीतली बाई इकोत बसून कशेळे ओलांडते, कर्जतला येते, दिवसाची मजुरी बुडवते आणि लोहाच्या गोळ्या घेऊन परत जाते. त्याला बार्शीचं नाव देऊ नये.

आणि नुसती लक्षणं सांगून सोडून दिलं तर काय होतं, हेही तपासून झालं आहे. कर्जतची लोकल जिथून सुटते त्या मुंबईतच. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायांचा अभ्यास केला. वस्त्यांचे वीस गट पाडले. दहा गटांत दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, व्हिनेगरची तपासणी. तपासणाऱ्या कोण? डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या वस्तीतल्या बाया. उरलेल्या दहा गटांत कॅन्सरविषयी एकदा माहिती दिली आणि नेहमीच्या दवाखान्यांवर सोडून दिलं. बारा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा तपासणी झालेल्या गटांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले.

त्या दुसऱ्या दहा गटांना जे मिळालं ते पुन्हा वाचा. माहिती एकदा, मग ज्याचं त्याने पाहावं. आपल्या तालुक्यात दर ८ मार्चला जे चालतं ते नेमकं हेच आहे. फरक इतकाच की मुंबईत ते तुलनेसाठी ठेवलं होतं, हरणाऱ्या बाजूला. इथे आपण त्यालाच मोहीम म्हणतो आणि वर फोटो छापून आणतो.

त्या अभ्यासावर पुढे टीकाही झाली. तपासणीचा उपयोग होतो असं माहीत असताना हजारो बायांना तपासणीविना कसं ठेवलं, असा सवाल देशात आणि परदेशात विचारला गेला, आणि तो मला रास्त वाटतो. पण मग त्या बायांनी जी किंमत मोजली तिच्यातून निघालेलं उत्तर पंचवीस वर्षांनी, शंभर किलोमीटरवर, वापरायचंही नाही याला काय म्हणावं? टीकाकारांनी निदान प्रश्न तरी विचारला होता.

‘बायका तपासून घ्यायला तयारच होत नाहीत’ हे पालुपदही याच अभ्यासात निकालात निघालं. बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के बाया आल्या. झोपडपट्टीतल्या, धुणीभांडी करणाऱ्या, कामावर खाडा लागणाऱ्या बाया. त्यांना लाज नव्हती असं नाही. त्यांच्यासमोर बोलणारी बाई त्यांच्यातली होती, पडद्याआड नेणारी तीच होती, आणि मिनिटभरात काय दिसलं ते तिथल्या तिथे सांगणारीही तीच. लाज माणसाला पाहून येते आणि माणसाला पाहूनच जाते.

इथवर मी फक्त तपासणी नाही म्हणून भांडते आहे. पण तपासणी नसताना लक्षणांची भीती तेवढी पोचली तर काय होतं? त्याचं उत्तर बीडमध्ये आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याचा गवगवा झाला तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींनी तेव्हा पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना सांगितलं होतं की अंगावर पांढरं जातं, पोटात दुखतं म्हणून गेलो, आणि कॅन्सर होईल असं ऐकून पिशवी काढून आलो. अंगावर पांढरं जाण्याची शंभर कारणं असतात आणि बहुतेकांचा कॅन्सरशी काडीचा संबंध नसतो. ते ठरवायला आतून बघावं लागतं. न बघता भीती घातली की तिच्यावर कुणीतरी दुकान थाटतं. उलट बाजूने, खरोखर कॅन्सर असताना न तपासता साधं ऑपरेशन करून पिशवी काढली, तर ते ऑपरेशन पुरत नाही आणि पुढचे उपचार आणखी अवघड होऊन बसतात. म्हणून नुसतं ‘लक्षणं ओळखा’ हा निरुपद्रवी संदेश आहे असं मला वाटत नाही. अर्धा सांगितलेला संदेश कर्जतमध्ये बाईला गोळ्या देऊन घरी पाठवतो आणि बीडमध्ये तिला टेबलावर चढवतो.

मग लक्षणं सांगूच नयेत का? सांगावीत, पण घड्याळासकट सांगावीत. पाहुण्यांच्या यादीत सगळी लक्षणं एका रांगेत उभी असतात, जणू सारख्याच वजनाची. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी पडला तरी तो पहिल्याच वेळी दाखवायचा, तिसऱ्या वेळेची वाट बघायची नाही. संबंधानंतर रक्त येणं तसंच. वाढणाऱ्या गाठीवरच्या नव्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की नुसत्या स्पर्शाने फुटतात, म्हणून ते रक्त. मांस धुतल्यासारखं घाण वासाचं पाणी जातं ते आतली गाठ कुजायला लागल्यामुळे. आणि एक पाय सुजणं, कंबरेतून पायात कळ उतरणं, लघवी कमी होणं, ही लक्षणं यादीत सर्वांत शेवटी येतात कारण रोगातही ती शेवटीच येतात. तोवर गाठ ओटीपोटाच्या भिंतीला जाऊन भिडलेली असते आणि मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड फुगलेलं असतं. या टप्प्यावरच्या ८५० बायांवर टाटा मेमोरियलने २००३ ते २०११ या काळात अभ्यास केला. किरणोपचारांच्या जोडीला केमोथेरपी दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या, नुसते किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के. ही देशातल्या सर्वांत नावाजलेल्या कॅन्सर रुग्णालयातली गत.

आणि यादीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य पाहुणे वाचतच नाहीत, कारण ते छापलेलंच नसतं. सुरुवातीला काहीच होत नाही. रक्त नाही, दुखत नाही, वास नाही. ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, त्याचा संसर्ग टिकून राहिला तर कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. यातली बरीच वर्षं तो डाग तिथे मुकाट बसून असतो, व्हिनेगरला दिसेल असा, आणि दिसला तर काही मिनिटांत जाळून किंवा गोठवून काढता येईल असा. लक्षणाची वाट बघायला शिकवणं म्हणजे ही पंधरा-वीस वर्षं सोडून देऊन शेवटच्या दोन-चार वर्षांवर सगळी भिस्त ठेवणं.

विषाणूचं निघालंच आहे तर थोडक्यात. एचपीव्ही हे त्याचं नाव. त्याचं आणि या कॅन्सरचं नातं दाखवणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायापुरुषांना तो कधी ना कधी चिकटतो आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. तेव्हा ‘कातकरवाडीत स्वच्छता नसते’ किंवा त्याहून वाईट, ‘चालीवर असतं’ असं जे दबक्या आवाजात बोललं जातं, ते बोलणाऱ्याने आपली जीभ आवरावी. एकाच नवऱ्याशी आयुष्यभर राहिलेल्या बाईलाही हा रोग होतो, आणि नवऱ्याच्या चालीची चौकशी मी कुठल्याच फॉर्मवर पाहिलेली नाही. लस आहे, पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२२ साली आली, मुलींना ती मिळायलाच हवी. पण आज चाळिशीत असलेल्या बाईच्या कामी ती येत नाही, आणि लसीच्या बातमीत ही बाई विसरली जाते.

विसरली जाण्याची तिला सवय आहे म्हणा. आरोग्य खात्याला बाईची पिशवी दिसते ती तिच्यात मूल असेपर्यंत. गरोदर बाईसाठी दर महिन्याची ९ तारीख ठरलेली आहे, कार्ड आहे, वजन आहे, सोनोग्राफी आहे. बावीस-पंचवीस वर्षांची असताना तिचं दोन मुलांवर ऑपरेशन झालं की ती खात्याच्या वहीतून उतरते. हा रोग तिला गाठतो तो त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, वहीत नाव नसताना.

पैशांचं कारण मला सांगू नका. २ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. किरणोपचार, केमो, सगळं तीत बसतं. कॅन्सरचं नाव कागदावर लागलं की सरकार पैसे मोजायला तयार आहे, आणि ते चांगलंच आहे. पण आठवड्याचे पाच दिवस, पाचेक आठवडे, परळला किंवा खारघरला किरणांसाठी जायचं, राहायचं कुठे, घरची शेरडं-पोरं कुणाकडे, हे त्या योजनेत बसत नाही. व्हिनेगरची बाटली आणि दिव्याचा बल्ब याहून स्वस्तच असता.

मी व्हिनेगरचीच भक्त आहे असं नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ बायांवर झालेल्या आणि एप्रिल २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हिनेगरच्या एकाच फेरीने मृत्यू म्हणावे तसे घटले नव्हते. घटले ते एचपीव्हीच्या एकाच चाचणीने, जवळपास निम्म्यावर. डोळा चुकतो, कंटाळतो, बदलून जातो. चाचणी तशी चुकत नाही. २०२१पासून जागतिक आरोग्य संघटनाही आधी एचपीव्हीची चाचणीच करा म्हणते. आणि तिची आमच्या भागाला सोयीची बाब अशी की नमुना बाईला स्वतःच घेता येतो. कापसाची लांब काडी आत फिरवायची, नळीत टाकायची, झाकण लावायचं. टेबल नको, पडदा नको, खिडकीवरचा पेपर नको. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र क्षयाच्या तपासणीमुळे सरकारी यंत्रणेच्या ओळखीचं आहे, आणि एचपीव्हीची चाचणीही त्याच यंत्रावर होते.

फक्त काड्या कधी वाटायच्या, हे मंत्रालयात बसून ठरवू नका. दिवाळी झाली की इथल्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. उचल घेतलेली असते, नवरा-बायको-पोरं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. ४ फेब्रुवारीला आणि ८ मार्चला तुम्ही हॉल भरवता तेव्हा जिला हे ऐकवायला हवं ती भट्टीवर विटा थापत असते. भाताची लावणी उरकली की श्रावण-भाद्रपदात ती वाडीत सापडते. तेव्हा एसटी चिखलात अडकते हे खरं, पण आशा चालत पोचते. ती तशीही पोचतेच.

त्या ठाकर बाईला पुढे काय निघालं ते मी लिहीत नाही. ती गोष्ट तिची आहे. काही निघालं असतं किंवा काहीच निघालं नसतं, तरी दोन वर्षं, तीन केसपेपर आणि एकदाही आतून न पाहणं, हे बदलत नाही.

गेल्या पावसात ती खोली असलेल्या केंद्रावर पुन्हा गेले होते. दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात वार रंगवले आहेत. लसीकरणाचा वार, गरोदर मातांची तारीख, कुटुंबकल्याण शिबिराचा दिवस, क्षयाचं औषध कधी मिळतं ते. आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही हे वार तोंडपाठ असतात. शेजारी कॅन्सरच्या लक्षणांचं गुलाबी पोस्टर होतं, लॅमिनेशन केलेलं. ओळ न् ओळ वाचली. वार कुठेच नव्हता.